वाफसा आल्याशिवाय कुदळीला हात नाही

बसा खाली. उभ्या उभ्या संपेल असं हे प्रकरण नाही. आणि ती कुदळ आधी कोपऱ्यात ठेवा. आज तिचं काम नाही, तुमच्या कानांचं आहे.

काल संध्याकाळी शाळेच्या मागची बाग पाहिली. कर्दळीचा अख्खा वाफा उपटलेला. गवती चहाची दोन जुनी बेटं फाडून त्यांच्या करंगळीएवढ्या काड्या कुंपणाच्या कडेने ओळीत खोचलेल्या. त्यातली एक हिरवी असेल तर दाखवा मला. डेलियाचे कंद सुटे सुटे करून पुरलेले. निशिगंधाचे कांदे खणून, ओलेच, प्लास्टिकच्या गोणीत बांधून व्हरांड्यात ठेवलेले. गोणीचं तोंड सोडलं आणि वासाने मागे सरकलो. आणि मोगरा. मोगऱ्याचं नंतर बोलू. आत्ता बोललो तर आवाज ऐकून हेडसर इकडे येतील.

"बाग चांगली व्हावी म्हणून केलं ना जी, सर."

हे उत्तर मला देऊ नका. हेतू चांगला होता, ठीक आहे. गवती चहाच्या मुळांना तुमचा हेतू कळत नाही. त्यांना ऊन कळतं, ओल कळते आणि वेळ कळते. यातलं काहीही तुम्ही विचारलं नाही. सुट्टी होती, हात मोकळे होते, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि सब्बल घेऊन निघालात.

आणि कधी निघालात? नवतपात! रोहिणीचं ऊन डोक्यावर असताना! महाराष्ट्रातल्या बाकीच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातल्या शाळा जूनचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत बंद ठेवतात. का ठेवतात, सांगेल कुणी? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या घरात जातो, कधी त्याच्याही वर, म्हणून. म्हणजे ज्या उन्हात तुम्ही छपराखाली, पंख्याखालीसुद्धा बसू नये असं शासनाला वाटतं, त्याच उन्हात तुम्ही झाडांची मुळं तोडून त्यांना उघड्यावर उभं केलंत. वर त्यांनी जगावं अशी अपेक्षा.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी शेती आहे. राजुऱ्याच्या काळ्या कन्हार मातीत कापूस लावणाऱ्या घरची पोरं तुम्ही. तुमचे वडील मे महिन्यात सरकी टोबतात का? पहिल्या सरीला हुरळून टोबलं आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी होते, बियाण्याचे पैसे दोनदा जातात, हे घरात बसून तुम्ही ऐकलेलं आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. वडील आभाळाकडे बघत थांबतात. तुम्हाला मात्र थांबवत नाही.

तो व्हिडिओ मीही पाहिला, वर्गप्रमुखाच्या मोबाइलवर. बाई इंग्लंडमधल्या. काम त्यांचं नीटच होतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. खाली मराठी अक्षरं उमटली म्हणून सल्लाही मराठी झाला असं तुम्हाला वाटलं, भांडण तिथे आहे. तिकडचा नियम असा: जी झाडं हिवाळा सरताच फुलतात त्यांचे भाग पानगळीच्या दिवसांत करायचे, आणि जी उशिरा फुलतात त्यांचे भाग हिवाळा संपल्या संपल्या करायचे. या नियमाच्या पोटात काय आहे ते शोधायचं होतं. त्यांचा मारक ऋतू हिवाळा. जमीन गोठते. म्हणून तो ऋतू यायच्या आधी मुळांना रुजायला पुरेसे आठवडे मिळावेत, किंवा तो गेल्यावर अख्खा मोसम मिळावा, असा तो हिशेब आहे. आपल्याकडे हिवाळा झाडाला मारत नाही, शेवंती-डेलिया तर त्याच दिवसांत फुलतात. आपला मारक ऋतू चैत्र-वैशाख, आणि जूनचे पहिले दोन आठवडे. मग हिशेब तिथून उलटा मोजा. इंग्लंडचा वसंत म्हणजे झाडाला पुढे सहा महिने सौम्य हवा. राजुऱ्याचा मार्च म्हणजे पुढे साडेतीन महिने भट्टी. महिन्याचं नाव तेच, पण झाडाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते अगदी निराळं.

लिहून घ्या. वही नसेल तर हातावर लिहा. राजुऱ्यात बारमाही झाडांची बेटं फोडायचा मुख्य काळ आर्द्रा लागल्यापासून आश्लेषा संपेपर्यंत. इंग्रजी तारखांत जूनचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. दुसरी खिडकी लहान आहे: ऑक्टोबरचा ताव ओसरल्यावर, चित्रा-स्वातीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ती कुंडीतल्या झाडांसाठी, आणि जी पावसाळ्यात फुलत होती म्हणून तेव्हा हात लावता आला नाही त्यांच्यासाठी. शेवंतीचा कायदा वेगळा, तो पुढे सांगतो. बाकी सगळ्यांना फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत मुळांना लोखंड लावायचं नाही.

आता दुसरी बाजू. मान वर करा, हे फक्त तुम्हाला नाही. तुमच्या आधीच्या तीन-चार तुकड्या, बागेची जबाबदारी घेतलेले आमचे काही सहकारी, सगळ्यांना आहे. बेट फोडायला हवं होतं, आणि ते फार आधी फोडायला हवं होतं. निशिगंधाच्या वाफ्यात गेल्या दोन पावसाळ्यांत फुलाची काडी दिसली नाही. सगळे म्हणाले, माती खराब. कुणी म्हणालं, सिमेंटच्या कारखान्यांची धूळ बसते. धूळ बसते, खरं आहे. पावसाळ्याच्या आधी पानं धुतली पाहिजेत, तेही कुणी करत नाही. पण फुलं धुळीने गेली नव्हती. तिथे वाफ्यात गवतासारखी नुसती पानं माजली होती, आणि खाली कांद्यावर कांदा चढून दाटी झाली होती. निशिगंधाचा एक कांदा एकदाच फुलतो. मग त्याच्या कडेला पिल्लं धरतात आणि पुढची फुलं त्या पिल्लांना यायची असतात. पिल्लांना जागाच नसेल तर ती पोसत नाहीत, आणि न पोसलेला कांदा पान देतो, फूल देत नाही. दोन-तीन वर्षांनी वाफा मोकळा करायचा असतो तो यासाठी. शेतकरी हे करतात कारण त्यांना फुलं विकायची असतात. शाळेला फुलं विकायची नसतात, म्हणून शाळेत निशिगंधाचं गवत होतं.

बेटाचं वाढणं समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. कर्दळ, हळद, सोनटक्का, गवती चहा, सगळी बेटं आतून बाहेर सरकतात. जमिनीखालचा कंद किंवा फुटवा दरवर्षी थोडा बाहेरच्या बाजूला नवा डोळा काढतो. मधला जुना भाग लाकडासारखा होतो, त्याची मुळं मरतात, तिथली माती चाटून पुसून संपलेली असते. म्हणून मधोमध टक्कल पडतं आणि कडेला हिरवं कडं राहतं. हे दिसलं की बेट बोलतंय असं समजा. आणखी खुणा आहेत. फुलं लहान होतात. पाणी घातलं तर आत मुरत नाही, बाजूने वाहून जातं. बेट जमिनीतून वर उचललं जातं. कुंडी असेल तर खालच्या भोकातून मुळं डोकावतात, प्लास्टिकची कुंडी फुगते. यातलं काही दिसत नसेल, झाड भरभरून फुलत असेल, तर त्याला हात लावू नका. कॅलेंडरवर तीन वर्षं झाली म्हणून चालत्या झाडाला फोडणं हाही मूर्खपणाच आहे. आणि फुलांवर असलेलं झाड तर कधीच नाही.

आता तुमच्या कापणीकडे येतो. इथे मला तुमची कीव येत नाही, राग येतो.

डेलियाच्या झुबक्यातून बोटांसारखे कंद एकेक करून मोडून घेतलेत. सोळा खड्डे मोजले मी. प्रत्येकात एक गुबगुबीत कंद, नीट झोपवलेला. यातला एकही उगवणार नाही, माझ्याकडून लिहून घ्या. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बटाटा कसाही कापला तरी उगवते ना जी." कसाही नाही! डोळा असलेली फोड उगवते. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये शाकीय प्रजननाखाली बटाट्याचा डोळा दिलाय, उसाचं पेर दिलंय, पानफुटीचं पान दिलंय. धडा शिकवला नव्हता हे कारण चालणार नाही, पुस्तकं एप्रिलपासून तुमच्या घरी आहेत. बटाटा हे खोड आहे, म्हणून त्याच्या अंगावर डोळे असतात. डेलियाचा कंद हे मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते वर, जुन्या खोडाच्या बुंध्याशी, जिथे सगळे कंद जोडलेले असतात त्या मानेवर. मानेचा तुकडा आणि त्यावरचा एक तरी डोळा सोबत आला तरच तो कंद झाड होतो. मान तिथेच राहिली आणि कंद हातात आला, तर हातात आलं ते फक्त साठवलेलं अन्न. महिनाभर पाणी घालाल, ते कुजेल.

हीच गोष्ट आपल्या सागाच्या जंगलांत पावसाळ्यात उगवणाऱ्या पांढऱ्या मुसळीची. तिचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडलंय, पण विदर्भाला ती परकी नाही. तिच्या मुळ्यांचा घोस एका लहानशा चकतीला लटकलेला असतो. लागवड करायची तर प्रत्येक मुळीला चकतीचा तुकडा ठेवून वेगळं करावं लागतं. चकती नसलेली मुळी औषधाच्या दुकानात जाते, शेतात उगवत नाही. विदर्भात मुसळीच्या शेतीची हवा होती तेव्हा महागाचं बेणं घेताना लोकांनी हे एवढं तरी पाहायला हवं होतं. आणि जंगलात काय होतं? घोस अख्खा उपटला जातो, चकतीसकट, बी धरायच्या आधी. पुढच्या पावसाळ्यात तिथे काही नसतं. मग आपणच म्हणतो, पूर्वी किती असायची. उपटणाऱ्याला मी एकट्याला दोष देत नाही, भाव ठरवणारे वेगळे असतात. पण चकतीचा तुकडा मातीत परत ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि तुमची हाव. गवती चहाच्या एका बेटाचे किती केलेत? पन्नास? साठ? एकेक काडी वेगळी! ठोंब म्हणजे दोन-तीन फुटवे, त्यांना स्वतःची मुळं, असा तुकडा. बागेत लावायचा असेल तर आणखी मोठा घ्या. चांगल्या थोरल्या बेटाचे चार, फार तर पाच भाग करायचे. मधला वाळका भाग खतात टाकायचा, त्याला जीव लावायचा नाही, आणि कडेचे तरणे फुटवे लावायचे. पान वीतभर ठेवून बाकी विळ्याने छाटायचं. का छाटायचं? बोला. बाष्पोच्छ्वास! खणताना तुम्ही मुळांचा मोठा भाग आणि जवळजवळ सगळे मूलरोम तोडता. पाणी ओढणारं तोंड अर्धं झालं, पण वर पानं तेवढीच राहिली तर ती तेवढंच पाणी हवेत सोडत राहतात. आवक अर्धी, जावक पूर्ण. मे महिन्यात तर जावक तिप्पट. झाड दोन दिवसांत लोळतं. ते लोळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? भर दुपारी बादलीने पाणी ओतलंत. मुळंच नाहीत त्याला पाणी ओतून काय होणार? तापलेल्या चिखलात उरलेली मुळं कुजली.

मोगरा.

कुणी केलं ते मी विचारणार नाही, कारण कळलं तर मला विसरता येणार नाही. मोगरा हे झुडूप आहे, बेट नाही. त्याला एक लाकडी बुंधा असतो. त्या बुंध्यावर कुदळ घालून दोन भाग केले की दोन मोगरे होत नाहीत, एक मेलेला मोगरा होतो. मोगरा वाढवायचा तर पावसाळ्यात खालची फांदी वाकवून जमिनीत दाबायची, वर दगड ठेवायचा, मुळं धरली की तोडून घ्यायची. किंवा छाट लावायचे. जास्वंदीचं तेच, छाट. तुळस, सदाफुली बियांवर. भाग त्याचेच करता येतात ज्याला जमिनीखाली एकाहून जास्त फुटवे असतात आणि प्रत्येक फुटव्याला स्वतःची मुळं असतात. संशय असेल तर बुंध्याजवळची माती हाताने, हाताने म्हणतोय मी, बाजूला करून बघा. दहा मिनिटं लागतात. तो मोगरा तुमच्या जन्माच्या आधीचा होता.

हळदीच्या वाफ्याला तुम्ही हात लावला नाहीत, ते चुकून बरं झालं. पण तीही तीन वर्षं खणलेली नाही, हे लाजिरवाणं आहे. हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक. पानं पिवळी पडून माना टाकतात, माघ-फाल्गुनात खणतात. इथे एक बारकावा आहे, नीट ऐका, कारण यातच तुम्ही निशिगंधाचा घोळ घातलात. खणणं आणि लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्या वेळा वेगळ्या. हळद, निशिगंध, डेलिया या झोपणाऱ्या जाती. पानं वाळली की कंद झोपतो, तेव्हा तो मुळं तुटल्याची तक्रार करत नाही. म्हणून त्यांना कोरड्या दिवसांत काढता येतं. माघ-फाल्गुनातली हळद आणि मेमधला डेलिया यांनी वरचा नियम मोडत नाही, कारण काढल्यावर त्यांना लगेच मातीत कोंबायचं नसतं. सावलीत, वारा खेळेल असं पसरायचं, माती झटकायची, कापलेल्या जागा सुकू द्यायच्या. हळदीचे जेठे गड्डे बेण्यासाठी अख्खे ठेवायचे, पन्नास ग्रॅमच्या आसपासचे, वर पाला टाकून. मग पावसाच्या तोंडावर लावायचे. निशिगंधाचा कांदा दीड सेंटीमीटरहून बारीक असेल तर तो वेगळ्या ओळीत लावायचा, कारण त्या वर्षी तो फुलणार नाही. त्याला फुलणाऱ्यांत मिसळलं की पुन्हा "माती खराब" ऐकावं लागेल. डेलियाचा झुबका मात्र अख्खाच काढून कोरड्या वाळूत ठेवायचा आणि पाऊस ओसरल्यावर, डोळे फुगलेले दिसले की मगच मान कापायची. तुम्ही निशिगंध आणि डेलिया, दोघांनाही मे महिन्यात एकाच पट्ट्यात धरलंत, आणि कांदे ओले असताना प्लास्टिकमध्ये बांधलेत. तागाचं पोतं मिळालं नाही का? राजुऱ्याच्या बाजारात पोतं मिळालं नाही?

गवती चहा, लिली, कोरफड, सोनटक्का ही झोपत नाहीत, किंवा अर्धवट झोपतात. त्यांना उचललं की लगेच लावावं लागतं, म्हणून त्यांना ओलीचा मोसमच हवा. कोरफडीची पिल्लं तेवढी अपवाद. ती दोन-तीन दिवस सावलीत सुकवून लावा आणि लावल्यावर चार दिवस पाण्याचं नाव काढू नका. केळीच्या मुनव्यांतही डोळे उघडे ठेवा. रुंद पानांचा, दिसायला गोंडस मुनवा घेऊ नका, त्याचा कंद लहान असतो. तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड असा घ्या. तुम्ही गोंडस घेतला असता, खात्री आहे मला.

शेवंती. ती दिवस लहान झाले की फुलते, पौष-माघात तिची फुलं सरतात. सरली की बुडापासून वीतभर ठेवून छाटायची, महिन्याभरात मातीतून नव्या काश्या वर येतात. त्या मुळ्यांसकट फेब्रुवारीत वेगळ्या करायच्या आणि कुंड्यांत लावून उन्हाळाभर तट्ट्याच्या सावलीत सांभाळायच्या. जुलैत वाफ्यात. जुनं झाड ठेवायचं नाही, दुसऱ्या वर्षी ते नुसतं लाकूड होतं. एवढं एक झाड उन्हाळ्याच्या तोंडावर फोडायचं, आणि तेही सावलीची सोय असेल तर. सोय नसेल तर काश्या आईलाच चिकटून राहू द्या.

आता जमीन. नुसता पाऊस आला म्हणून धावत सुटू नका. राजुऱ्याची ही काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. भर पावसात तिच्यात कुदळ घातली की तिचे गोळे होतात, ते सुकले की दगड. त्या गोळ्यांमध्ये नाजूक मुळं पुरलीत तर त्यांना हवा मिळत नाही. वाफसा यावा लागतो. मूठभर माती घ्या, दाबा. हाताला चिकटली तर परत जा. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर कामाला लागा. हे मी तुम्हाला शिकवतोय, कापूस पिकवणाऱ्या घरच्या मुलांना. घरी सांगू नका.

खणताना बेटाच्या बुडाशी घाव घालायचा नाही. वीतभर लांबून गोल चर काढायचा, मग सब्बल खालून घालून बेट उचलायचं. हाताने सुटतं तेवढं हाताने सोडवायचं. गाठ सुटली नाही तर धार लावलेल्या विळ्याने एकाच घावात कापायचं. बोथट कुदळीने ठेचलेला कंद आतून कुजतो, हळदीची कंदकूज तिथूनच शिरते. कापलेल्या जागी गोवरीची बारीक राख चिमूटभर चोळायची. चिमूटभर, कारण आपल्याकडे खाली चुनखडक आहे आणि माती आधीच अल्कधर्मी. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घालायचं. ताजं शेण नाही. युरिया तर मुळीच नाही, मुळं नसलेल्या झाडाला युरिया देणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा करीन. झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच खोल. जरबेऱ्याचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, माती आत गेली की तो सडतो. काम ढगाळ दिवशी नाहीतर संध्याकाळी. पावसाने उघडीप दिली आणि ऊन कडक पडलं तर पहिला आठवडा वर बारदाना. आणि पाणी साचत असेल तर वाफा उंच करा. जुलैत आपल्याकडे उन्हाने मरतात त्याहून जास्त झाडं साचलेल्या पाण्याने मरतात.

बांबूच्या बेटाला हात लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. ते अख्खं खणणं तुमच्या ताकदीचं नाही. पण पावसाळ्यात जाऊन बघून या. वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, बेटाच्या कडेने वर येतील, मधून नाही. म्हणून बांबू तोडणारा जाणता माणूस आतले जुने बांबू काढतो आणि कडेचे त्या वर्षीचे कोवळे ठेवतो. आळशी माणूस कडेचे तोडतो, कारण ते हाताशी असतात, आणि काही वर्षांत बेट गुंतून बसतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायचा अधिकार मिळाला, तेव्हा साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. अधिकाराची बातमी सगळ्यांनी वाचली. कुठला बांबू तोडायचा आणि कुठला ठेवायचा हे ज्याला कळतं त्याच्याच हातात तो अधिकार टिकतो, हे बातमीत नसतं.

एक शेवटचं. काम झाल्यावर उरलेले तुकडे शाळेमागच्या नाल्यात टाकायचे नाहीत. यंदा कर्दळीचे टाकलेत, दिसले मला. चंद्रपूरच्या रामाळा तलावात आणि इरई नदीत जलपर्णी कशी माजली ते पाहिलं असेल. तिलाही असेच फुटवे येतात, तुटलेला प्रत्येक फुटवा नवं झाड. आपला नाला वर्धा नदीला मिळतो. जास्त झालेलं घरी न्या, शेजारी द्या, एवढ्या घरांत दोन कर्दळी मावत नाहीत असं नाही. सडकं असेल ते खड्ड्यात पुरा.

तर आता. गोणीतले निशिगंधाचे कांदे आज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पसरायचे, दाबून बघायचे, मऊ ते फेकायचे, कडक ते ठेवायचे. त्यातून वाचतील ते पुढच्या आठवड्यात लागतील, वेळ अजून गेलेली नाही. नाल्यातून कर्दळीचे गड्डे गोळा करून आणायचे. दोन-तीन डोळे असलेला गड्डा जिवंत असतो, कर्दळ चिवट आहे, तुमच्या हातूनही जगेल. गवती चहाच्या मेलेल्या काड्या उपटा. शेजारच्या वाफ्यात एक बेट तुमच्या नजरेतून सुटलंय, त्यालाच चार भागांत फोडू, मी उभा राहीन. हळद यंदा तशीच राहील, माघात खणू. मोगऱ्याच्या जागी काही लावायचं नाही. ती जागा वर्षभर रिकामी दिसू दे.

शनिवारी सकाळी साडेसातला वाफ्याशी. माती मुठीत घेऊन आधी मला दाखवायची. वाफसा नसेल तर कुदळ इथेच राहील, आणि विज्ञान भाग दोनचा तिसरा धडा उघडून सगळे याच बाकांवर बसतील.